कन्सोल चालतो कशावर?

आर्वी तालुक्यातल्या एका गावचा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून टीव्हीला जोडायचा एक छोटा गेम कन्सोल बनवताहेत. त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही तीस वर्षं हाच धंदा केला. कन्सोल बाजारात चालतो किंवा पडतो, तो नेमका कशामुळे? आम्ही प्रोसेसर भारी घेतला, ग्राफिक्स चांगले दिले, तर आपल्याकडच्या खेड्यापाड्यात तो विकेल का?" फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बाळा, प्रोसेसरचं आधी सांगून टाकतो. नुसत्या प्रोसेसरच्या जोरावर विकलेला कन्सोल मी आजवर पाहिला नाही.

१९९६ ची दिवाळी. कापसाची पहिली वेचणी होऊन माल विकला गेला होता, लोकांच्या हातात पैसा होता. बसस्टँडजवळच्या माझ्या दुकानात तेव्हा दोन प्रकारचे व्हिडिओ गेम होते. एक नेहमीचा आठ बिटचा, तैवान-चीनच्या नकलेचा, हजाराच्या आतला. दुसरा मुंबईहून मुद्दाम आणलेला सोळा बिटचा, जपानच्या सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह. मी दोन्ही शेजारी-शेजारी टीव्हीवर लावून ठेवले होते. मेगा ड्राइव्हचं चित्र असं झळझळीत दिसायचं की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. एक शेतकरी दहा-अकरा वर्षांच्या पोराला घेऊन आला. त्या वर्षी त्याला बरं पिकलं होतं. पोराला म्हणाला, "पैशाचं पाहू नको, चांगला असन तो घे." पोरगं दोन्हींसमोर बराच वेळ उभं राहिलं आणि हलक्या आवाजात मला म्हणालं, "काका, तो नाई पायजे. त्याची कॅसेट आमच्या इकडे कोनापाशीच नाई."

बाप चकित झाला, मीही झालो. पण पोराचं गणित पक्कं होतं. त्याच्या आळीत आठ बिटचे पाच-सहा व्हिडिओ गेम होते. प्रत्येक घरी दोन-तीन कॅसेटी. म्हणजे तो डबा घेतला की पंधरा-वीस कॅसेटींच्या फिरत्या भांडारात त्याला जागा मिळणार होती. भारी यंत्र घेतलं असतं तर त्याच्या वाट्याला सोबत आलेली एकच कॅसेट आणि एकटेपण आलं असतं. त्याने साधा डबा घेतला आणि त्या महिन्यात त्याच आळीतली आणखी दोन घरं तोच डबा न्यायला आली.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं सत्य मला त्या पोराने शिकवलं. गिऱ्हाईक यंत्र विकत घेत नाही. त्या यंत्राभोवती चालणाऱ्या देवाणघेवाणीत ते शिरकाव विकत घेतं. शेजाऱ्याकडे काय आहे, नवे गेम येत राहतील का, बिघडलं तर दुरुस्त कोण करेल, पुढे खर्च किती लागेल, हे सगळं त्या देवाणघेवाणीत आलं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा इतिहास काढून पाहिला तरी हेच दिसतं.

ताकदीच्या यंत्रांचं काय झालं ते बघ. जपानच्याच निन्टेंडो कंपनीने १९८९ मध्ये हातात धरून खेळायचा गेम बॉय काढला. छोटा पडदा, हिरवट-करडं चित्र, रंग नाही. त्याच्यासमोर सेगाचा गेम गिअर आला तो रंगीत, मागून उजेड असलेल्या पडद्याचा. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत बसायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. शेवटी गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास राहिला. गेम बॉयमागे गुनपेई योकोई नावाचा माणूस होता. जुनं, स्वस्त झालेलं, पुरतं पारखलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, ही त्याची विचारसरणी. आपल्याकडे बारा-बारा तास लोडशेडिंग चालायचं, ते दिवस तुझ्या वडिलांना विचार. संध्याकाळी लाइन गेली की मुलांचा खेळ तिथेच थांबायचा. सेल किती तास पुरतो, हा प्रश्न योकोईला जपानमध्ये बसून सुचला. आपल्याला तर तो रोज डोळ्यांसमोर होता, तरी आपण कोणी त्यावर काही बनवलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

पुढेही तेच. सोनीच्या प्लेस्टेशन २ च्या पिढीत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स जास्त ताकदीचा होता, निन्टेंडोचा गेमक्यूबही काही कमी नव्हता. तरी प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींच्या वर गेला, एक्सबॉक्स अडीच कोटींच्या आत राहिला आणि गेमक्यूब त्याच्याही खाली. त्याच्या पुढच्या पिढीत सगळ्यात कमी ताकदीचा होता निन्टेंडोचा वी. तो दहा कोटींच्या वर विकला गेला आणि त्या पिढीत पहिला आला. २०१७ चा स्विच प्लेस्टेशन ४ च्या मानाने दुबळा, तोही १५ कोटींच्या वर गेला. ताकद नको असं मी म्हणत नाही, पण ती कशासाठी हे आधी ठरलं पाहिजे.

आता गेमचं, म्हणजे आपल्या भाषेत कॅसेटीचं. इथे जरा थांबतो, कारण तुमच्या कामाचा जीव इथेच आहे.

अमेरिकेत अटारीचा कन्सोल घरोघरी होता. पण त्याच्यासाठी गेम कोणी बनवावा आणि कसा बनवावा, यावर कंपनीचा ताबा उरला नाही. ज्याला वाटेल तो कॅसेट काढू लागला. अटारीने स्वतःही १९८२ च्या नाताळसाठी एका गाजलेल्या सिनेमावरचा गेम पाच-सहा आठवड्यांत उरकला. दुकानं रद्दी मालाने भरली, आईबापांचा विश्वास उडाला आणि १९८३ मध्ये तिथला अख्खा बाजार कोसळला. न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून काढल्या.

निन्टेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये आला आणि दोन वर्षांनी अमेरिकेत गेला. तिथे त्यांनी कन्सोलमध्ये आणि प्रत्येक कॅसेटीत एकेक छोटी चिप बसवली. दोघींची जोडी जुळली तरच गेम सुरू. म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय कोणी कॅसेट विकू शकत नव्हता. गेम बनवणाऱ्यांना वर्षाला ठरावीक संख्येतच गेम काढायची मुभा होती. लोक या कडकपणावर चिडायचे, पण आईबापांना पुन्हा भरवसा वाटू लागला. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हतं. त्यामुळे त्याच्या नकला करणं सोपं गेलं, आणि आपल्याकडे आलेला साठ पिनांच्या कॅसेटीचा तो डबा हा त्याच नकलांचा वंश.

नंतर सोनीने निन्टेंडोला कुठे पकडलं, तेही पाहण्यासारखं आहे. १९९४ मध्ये पहिला प्लेस्टेशन सीडीवर आला. निन्टेंडो १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ घेऊन आला, पण कॅसेटीवरच अडून राहिला. कॅसेट बनवायला महाग आणि वेळखाऊ. गेम बनवणाऱ्याने जास्त छापल्या तर पैसा अडकणार, कमी छापल्या तर विक्री हातची जाणार. सीडी मात्र स्वस्तात, आठवडाभरात छापून मिळायची आणि तिच्यात जागाही कितीतरी जास्त. निन्टेंडोची जुनी साथीदार स्क्वेअर कंपनी आपला फायनल फँटसी ७ घेऊन सोनीकडे गेली. १९९७ मध्ये तो तीन सीडींवर आला. पहिला प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर, निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास. दोन्ही यंत्रं मी उघडून पाहिली आहेत. निन्टेंडो ६४ ची बांधणी मला जास्त आवडते. पण गेम बनवणाऱ्याला कोणाकडे दोन पैसे सुटतात, यावर सगळं ठरलं.

यातलं पैशाचं गणित तुम्हा पोरांना नीट कळलं पाहिजे. बहुतेक मोठ्या कंपन्या कन्सोल जवळपास उत्पादन खर्चात, कधी तोट्यातही विकतात आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे आपला वाटा घेतात. आपल्या गावच्या कृषी केंद्राचा विचार कर. फवारणी पंपावर त्याला फारसं सुटत नाही, त्याचं घर औषधांवर चालतं. पंप घराघरांत गेला की औषध आपोआप लागतं. १९९३ मध्ये अमेरिकेत थ्रीडीओ नावाचा कन्सोल ६९९ डॉलरला आला. त्याची रचना एका कंपनीची, पण यंत्र बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्या कंपन्यांना गेमच्या कमाईतला वाटा नव्हता, मग त्या यंत्र तोट्यात का विकतील? त्यांनी यंत्रावरच नफा लावला, किंमत चढली आणि तो कन्सोल तीनेक वर्षांत संपला. तुमच्या चौघांत यंत्र कोणाचं, गेम कोणाचे आणि पैसा कुठून येणार, हे आजच लिहून ठेवा.

आणि इथे मला माझ्याच धंद्याबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे. आपल्याकडे लाखो मुलांनी मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर खेळले. त्यातलं जवळपास काहीच ते बनवणाऱ्यांपर्यंत गेलं नाही. पुढे प्लेस्टेशन २ आला तेव्हा कुलूप चुकवणारी चिप बसवलेली यंत्रं आणि पन्नास रुपयांच्या नकली डिस्का सगळीकडे होत्या. माझ्या दुकानातही होत्या. स्वस्त होतं म्हणून पोरांना खेळायला मिळालं, हे खरंच आहे. पण त्याची किंमतही आपणच मोजली. आपल्या बाजारातून कमाईच नाही म्हटल्यावर आपल्या पोरांसाठी, आपल्या भाषेत गेम कोण बनवणार? त्या साठ पिनांच्या डब्यासाठी नवीन काही आलंच नाही, तेच शंभर गेम नाव बदलून 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार' म्हणून विकले गेले. पोरं मोठी झाली, कंटाळली आणि तो बाजार आतूनच वाळला. सेगाच्या ड्रीमकास्टलाही नकलांनी चांगलाच फटका दिला. त्याची डिस्क कसलीही चिप न बसवता नकलून चालायची, त्यात मोठ्या गेम कंपन्यांपैकी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्याला हातच लावला नाही, आणि समोर डीव्हीडी चालवणारा प्लेस्टेशन २ उभा. २००१ च्या मार्चमध्ये सेगाने त्याचं उत्पादन थांबवलं आणि कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडली.

डीव्हीडीवरून आठवलं. प्लेस्टेशन २ बापाला कसा पटवून द्यायचा, हे माझ्या गिऱ्हाइकांना बरोबर समजलं होतं. "बाबा, सिनेमेही पाहता येतात." एवढं एक वाक्य पुरायचं. जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्काही त्यात चालायच्या, म्हणजे आधी घातलेला पैसा वाया जात नव्हता. यंत्र मुलगा मागतो आणि पैसे बाप काढतो, म्हणून दोघांनाही देता येईल असं एकेक कारण तुमच्या यंत्रात असू द्या.

किंमतीचं बोलू. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका गेम प्रदर्शनात सेगाने आपला सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला आणला. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस मंचावर गेला, "२९९" एवढंच बोलला आणि खाली उतरला. २००६ मध्ये सोनीनेच ती चूक केली. प्लेस्टेशन ३ चं मोठं मॉडेल ५९९ डॉलरला, आणि त्याच महिन्यात वी २४९ ला. २०११ मध्ये निन्टेंडोचा ३डीएस अडीचशे डॉलरला आला, हालेना, म्हणून सहा महिन्यांच्या आत १७० वर आणावा लागला. मग मात्र तो साडेसात कोटींवर गेला.

डॉलरचे आकडे आपल्याला पटकन कळत नाहीत, म्हणून कापसात सांगतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ रुपये होता. म्हणजे एका कन्सोलला साडेआठ क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतीत हा दीड-दोन एकरांचा अख्खा माल झाला, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा व्हायची आहे. वर एकेक नवा गेम ४,९९९ चा, म्हणजे पाऊण क्विंटलच्या वर. करही आहेच. जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांत होता, २०१९ च्या जानेवारीपासून १८ वर आला. म्हणून सांगतो, तुमच्या यंत्राची किंमत ठरवताना डब्यावरचा आकडा धरू नका. पहिल्या वर्षात घरातून एकूण किती पैसा जाईल, तो आकडा धरा. शेतकरी तोच धरतो. बैल घेताना तो चाऱ्याचाही हिशोब करतोच.

पैसा किती लागतो याइतकंच तो कधी येतो, हेही महत्त्वाचं. परदेशातले मोठे कन्सोल बहुधा नोव्हेंबरमध्ये येतात, कारण पुढे नाताळ असतो. आपल्याकडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सोयाबीन, कापूस विकला जातो, तोच खरेदीचा काळ. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर माझ्या दुकानात माशी फिरकत नसे. एक छोटा हंगाम मात्र शहरातल्या व्यापाऱ्यांना कधीच कळला नाही, तो तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा करतात. त्या दिवशी संध्याकाळी सुट्ट्या नाण्यांनी माझा गल्ला भरायचा. तासाला दहा रुपयांप्रमाणे खेळायला रांग लागायची. मोठी खरेदी बापाच्या पैशाने होते, पण आवड लागते ती पोरांच्या स्वतःच्या पैशाने, हे मी त्या रांगेकडे पाहून शिकलो.

दुकानदार आणि दुरुस्तीवाला यांच्याविषयी पुस्तकांत फार थोडं सापडतं, म्हणून मी लिहितोच.

१९८५ मध्ये निन्टेंडो न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिथले दुकानदार व्हिडिओ गेमचं नावही ऐकायला तयार नव्हते. अटारीच्या वेळी त्यांचे हात चांगलेच पोळले होते. निन्टेंडोने त्यांना सांगितलं, माल ठेवा, विकेल त्याचेच पैसे द्या, उरेल तो आम्ही परत नेऊ. सोबत एक छोटा रोबो दिला, म्हणजे ते खेळणं वाटावं आणि खेळण्यांच्या दुकानात सहज जागा मिळावी. या एका हमीवर पुढे अमेरिकेत तीन कोटींच्या वर नग उभे राहिले. दहा वर्षांनी सेगाने नेमकं उलट केलं. सॅटर्न सप्टेंबरमध्ये येणार असं जाहीर केलं होतं, पण मेमध्येच अचानक विक्रीला काढला आणि तोही मोजक्या चार दुकानसाखळ्यांना दिला. ज्यांना मिळाला नाही ते दुखावले. त्यातल्या एका मोठ्या साखळीने सेगाचा मालच ठेवणं बंद केलं. गेम बनवणाऱ्यांचे गेमही तेव्हा तयार नव्हते.

मलाही असाच अनुभव आहे. एका वितरकाने वर्षभराच्या वॉरंटीवर मला साठ नग दिले. तीन महिन्यांत पंधरा परत आले. मी ते घेऊन गेलो तर त्याचं दुकान बंद आणि फोनही बंद. गिऱ्हाईक त्या वितरकाला ओळखत नव्हतं, ते मला ओळखत होतं. पदरचे पैसे घालून मी एकेक नग दुरुस्त करून दिला. त्यानंतर त्या छापाचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी मी हातात धरला नाही. गावात एका दुकानदाराने तोंड फिरवलं की पन्नास घरं हातची जातात.

ते पंधरा नग का बिघडले, ते सांगतो. तुला हे उपयोगी पडेल. अशा डब्यात ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. अ‍ॅडॉप्टरकडून येणारे नऊ-दहा व्होल्ट तो पाचवर आणतो आणि वरचं सगळं उष्णता म्हणून बाहेर टाकतो. खेड्यात शेतातले पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज चढतं, दोनशे तीसच्या जागी दोनशे साठ-सत्तर येतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडॉप्टरमधून मग अकरा-बारा व्होल्ट निघतात. रेग्युलेटर तव्यासारखा तापतो, पडद्यावर आडव्या रेषा धावायला लागतात, गेम मध्येच अडकतो. बनवणाऱ्याने चार-दोन रुपये वाचवायला त्याच्या पाठीवरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गाळली होती. मी जुन्या रेडिओंमधून काढलेल्या पट्ट्या कापून, छिद्र पाडून बसवल्या. त्यातले दोन डबे आजही चालू आहेत. तसंच कॅसेटीचं. लेकरं तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने ती चालते असा सगळ्यांचा समज होता. खरं तर काढून परत बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या, आणि तोंडाच्या वाफेने उलट पट्ट्या काळ्या पडायच्या. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पांढरं खोडरबर द्यायचो आणि पुसायचं कसं ते दाखवायचो. नागपूरला बर्डीवर कितीतरी मोठी दुकानं आहेत, पण आमच्या पंचक्रोशीतली माणसं माझ्याकडे यायची ती या खोडरबरामुळे.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन लाल दिव्यांचा बिघाड इतका पसरला की मायक्रोसॉफ्टने २००७ च्या जुलैमध्ये त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. कंपनी मोठी होती आणि तिने शब्द पाळला, म्हणून तो कन्सोल पुढेही विकत राहिला. तुमच्यापाशी तेवढा पैसा नाही. तेव्हा यंत्र आधी आमच्या लाइनवर तपासा, कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नाही.

नावाचा घोळ घालू नका, एवढंच त्याबद्दल. वी नंतर निन्टेंडोने वी यू काढला. लोकांना तो जुन्या वीचाच एखादा जोडभाग वाटला. कुठे दहा कोटी आणि कुठे एक कोटी ३५ लाख.

आता परत त्या पोराच्या आळीकडे येतो. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. ४९९ डॉलर किंमत, दिवसातून एकदा इंटरनेटला जोडणं सक्तीचं, आणि विकत घेतलेला गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं. सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ ला १०० डॉलर कमी लावले आणि एक छोटा व्हिडिओ काढला. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेमची डिस्क देतो. गेम कसा वाटून खेळायचा ते झालं दाखवून. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ती बंधनं मागे घ्यावी लागली, पण प्लेस्टेशन ४ तोवर पुढे निघून गेला आणि ११ कोटींच्या वर गेला. तो व्हिडिओ पाहिला तेव्हा मला १९९६ चं ते पोरगं आठवलं. कॅलिफोर्निया असो की आर्वी, खेळ हातातून हातात गेला पाहिजे.

तुमची खरी स्पर्धा प्लेस्टेशनशी नाही, हे ध्यानात ठेव. ती खिशातल्या मोबाइलशी आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. माझ्याकडे चार टीव्हीवर तासाच्या हिशोबाने खेळणारी पोट्टी दीड वर्षात निघून गेली. मी त्यांना दोष देत नाही. फोन घरात होताच, गेम फुकट होता, आणि सगळे मित्र तिथेच होते. त्या जुन्या आळीतली देवाणघेवाण उचलून फोनने आपल्या पोटात घेतली. स्वस्त कन्सोल गरीब देशांत नेटवरून गेम विकून चालवू, असा विचार करून झीबो नावाचा कन्सोल २००९ मध्ये ब्राझीलमध्ये आला होता. नकलेची भीती नव्हती, पण लोकांना हवे ते गेम नव्हते आणि कोणाला द्यायला-घ्यायलाही काही नव्हतं. २०११ मध्ये तो बंद पडला.

त्याच ब्राझीलमधलं दुसरं उदाहरण मात्र भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे. सेगाचा मास्टर सिस्टिम अमेरिकेत निन्टेंडोपुढे टिकला नाही. ब्राझीलमध्ये टेकटॉय नावाच्या तिथल्याच कंपनीने तो देशातच बनवायला घेतला, त्यामुळे आयातीचा बोजा टळला. गेम पोर्तुगीज भाषेत आणले. एका गेममधला मूळ नायक काढून तिथल्या मुलांच्या लाडक्या कॉमिक्समधली मोनिका त्यात घातली. बाकीच्या जगाने टाकून दिलेलं यंत्र तिथे वर्षानुवर्षं घरातलं होऊन बसलं. ताकद तीच, चिप तीच, फरक फक्त आपलेपणाचा.

फोनला एक गोष्ट जमत नाही. एकाच पडद्यासमोर दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसत नाहीत. वी चालला तो त्यावरच. सोबत मिळणाऱ्या टेनिस-बोलिंगच्या गेममध्ये आजीनेही हात फिरवला की चेंडू जायचा. तुमच्या डब्यात एक कंट्रोलर देऊन दुसरा वेगळा विकायचा बेत असेल तर तो सोडा, दोन्ही सोबतच द्या. चार-पाचच गेम द्या, पण त्यातला एक असा असू दे की तो खेळायला लोक दुसऱ्याच्या घरी जातील. मला विचारशील तर शंकरपट, म्हणजे आपली बैलजोड्यांची शर्यत. दोन जोड्या, एक धावपट्टी, मराठीत पुकारा, आणि धुरकऱ्याने कासरा कधी ढिला सोडायचा यावर सगळी हारजीत. तळेगाव दशासरचा पट पाहिलेल्या माणसाला तो शिकवावा लागणार नाही. यंत्र पॉवर बँकेवर चालू द्या. गेम छोट्या कार्डावर द्या, म्हणजे एका घरचं कार्ड दुसऱ्या घरी जाईल. त्यात तुमची थोडी विक्री बुडेल, बुडू द्या. तालुक्याला एक दुरुस्तीवाला धरा आणि त्याला सुटे भाग आधी पाठवा, माल नंतर.

यंत्र पोळ्याच्या आधी माझ्याकडे घेऊन ये. काउंटरवरचा टीव्ही मी रिकामा करून ठेवतो. आपण कोणाला काही सांगायचं नाही, दहा रुपयांत पंधरा मिनिटं एवढी पाटी फक्त लावायची. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी किती पोरं बोजारा घेऊन येतात ते मोज, आणि त्यातली किती दुसऱ्या दिवशी सोबत एखादा मित्र घेऊन परत येतात ते वेगळं लिही. मला तो दुसरा आकडा पाहायचा आहे.